हद्दीवरची तुळस

माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगून टाकते. आमच्या माहेरी सगळ्यांचंच आहे. आमचे पूर्वज म्हैसूरच्या महाराजांच्या घोडदळात होते, आणि तेवढ्या एका गोष्टीवर आमच्या घरात अजून मिशांना पीळ भरतात, बायकासुद्धा. घोडी गेली, तलवारी गेल्या, ताठा तेवढा राहिला. म्हैसूरलाच, नजरबादच्या सरकारी कचेरीत मी जन्मभर नोकरी केली ती याच ताठ्यात. निवृत्त होऊन गावाच्या कडेला हूटगळ्ळीला घर बांधलं तेव्हाही पहिला विचार आला तो हा की, आता जागा आपली, एक तसूभर कुणाला सोडायची नाही.

शेजार मात्र छान मिळाला. शेजारच्या अक्का माझ्याहून मोठ्या. मला ‘तंगी’ म्हणायच्या, म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण. त्यांचे यजमान बसवर ड्रायव्हर होते. दोन घरांच्या मध्ये भिंत नव्हती, जास्वंदीचं कुंपण होतं, आणि त्याच्यावरून वाट्यांची ये-जा चालायची. त्यांचा बिसीबेळे भात इकडे, माझी पुरणपोळी तिकडे. रिकामी वाटी कधी कुणी परत दिली नाही.

मग त्यांच्या यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. चाकाची खुर्ची आली. त्यांच्या घराला पुढे पायऱ्या, त्यामुळे खुर्ची न्यायची ती बाजूच्या दाराने, कुंपणालगतच्या बोळातून मागच्या परसात. तिथे त्यांनी स्वतः लावलेला चिकू आहे. त्याच्याजवळ बसून सकाळचं ऊन अंगावर घ्यायचं, मागच्या रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या बघायच्या, एवढंच सुख त्या माणसाला उरलं होतं. आणि बोळ इतका अरुंद, की खुर्चीचं चाक दर वेळी जास्वंदीत अडकायचं.

हे मला दिसत नव्हतं असं नाही. पण त्याच सुमारास लेकीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं पुण्याला गेलो. परत येऊन बघते तर जास्वंद छाटून आमच्या अंगाला ढकललेली, आणि तिच्या जागी फरशी टाकलेली. हातभर जागा, चांगली आमच्या हद्दीत! न विचारता! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बॅगासुद्धा खाली ठेवल्या नव्हत्या मी.

अक्का बिचाऱ्या पदराला हात पुसत आल्या. म्हणाल्या, “तंगी, खुर्ची अडकून ते पडता पडता वाचले. गवंडी समोरच्या घरी आला होता, त्याच्याकडून करून घेतलं. तू आल्यावर सांगणारच होते.”

“फोन नव्हता का? आज फरशी टाकलीत, उद्या भिंत घालाल, परवा म्हणाल हे घरच आमचं!”

“अय्यो, असं काय बोलतेस? हातभर जागा, त्यांच्या चाकापुरती. ते आहेत तोवर राहू दे.”

यावर मी काय म्हणाले, ते लिहितानाही हात जड होतो. मी म्हणाले, “खुर्ची मावत नसेल तर बारीक खुर्ची आणा.”

आत गेल्या. आमचे हे मागे उभे होते, ते हळूच म्हणाले, “अगं, हातभर जागेत आपण काय लंका बांधणार आहोत?” मी म्हटलं, “तुम्ही गप्प बसा.” ते बसले. आमच्या घरात तीच पद्धत आहे.

यांनी टेप लावून मोजलं. जागा आमचीच निघाली. आता कायदा माझ्या बाजूला होता, पण कचेरीत राहून कायद्याची चाल मला चांगली माहीत. तक्रार करा, मोजणीवाला आणा, तारखा घ्या. त्यापेक्षा मला एक अक्कल सुचली. ही अक्कल माझी एकटीची, दुसऱ्या कुणावर ढकलत नाही. भिंतीवर कुणी घाण करू नये म्हणून लोक देवांच्या चित्रांच्या फरशा बसवतात ना, त्यातलाच प्रकार. मी बन्नूर रोडवरून सिमेंटचं तयार तुळशी वृंदावन आणलं, आमच्या हातभर जागेतली फरशी उखडली, आणि बरोबर त्या जागी तुळस बसवली. कुंपण हलवता येतं, भिंत पाडता येते. तुळशीला कोण हात लावतो बघू!

कुणी लावला नाही. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, किती छान जागा शोधलीत. जास्वंद निदान चाकापुढे वाकायची, सिमेंट कुठलं वाकायला! खुर्ची बोळातून जायची बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते, तर तुळशीच्या पलीकडच्या बाजूला रांगोळी. वर झेंडूचं फूल. अक्का त्यांच्या बाजूने पाणी घालून, डोळे मिटून उभ्या. म्हटलं, बाई पक्की आहे! आता तुळशीवर हक्क सांगतेय. मी माझ्या बाजूला तिच्या दुप्पट मोठी रांगोळी काढली. आता आठवलं की वाटतं, धरणीने पोटात घ्यावं. दोन म्हाताऱ्या एका तुळशीच्या दोन बाजूंना रोज सकाळी रांगोळ्या काढतायत, एक पूजा करतेय आणि दुसरी पहारा करतेय.

त्यांचे यजमान आता खिडकीत बसायचे. बाजूच्या खिडकीला गज आहेत, गजांतून तुळस दिसते. ऊन त्या बाजूला येत नाही. मी कपडे वाळत घालायला गेले की त्यांची नजर माझ्यावर पडायची, आणि मी चादर मध्ये धरायची.

कार्तिकात तुळशीचं लग्न आलं. मी म्हटलं, धूमधडाक्यात करायचं. बन्नूरचे ऊस आणले, बाळकृष्ण काढला, गल्लीतल्या बायकांना बोलावलं. अक्कांना वेगळं बोलावलं नाही, पण त्यांच्या दारातच लग्न, त्यांना कोण थांबवणार? त्या जरीची साडी नेसून आल्या. हातात आवळ्याची फांदी, फळांसकट. इकडे तुळशीशेजारी आवळ्याची फांदी रोवतात, तिला नवरा मानतात. त्यांनी फांदी कुंडीत रोवली आणि मला म्हणाल्या, “तुमचा कृष्ण असू दे. हाही असू दे.” बायका हसल्या.

मंगलाष्टकं मीच म्हटली. मोडकी का असेना, मराठी आमच्याकडे अजून लग्नापुरती तरी आहेच. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली नवी सून, तिला बिचारीला काय माहीत, सगळ्यांच्या देखत म्हणाली, “अक्का, यजमानांना बाहेर आणा की! त्यांनाही अक्षता टाकू द्या.”

अक्का अगदी साधेपणाने म्हणाल्या, “तुळस आल्यापासून खुर्ची जात नाही ना. पण ते बघतायत खिडकीतून. खूश आहेत.”

कुणी माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते बघण्याहून वाईट होतं. मी वर पाहिलं. खिडकीत ते बसलेले, धुतलेला सदरा घालून, भांग पाडून. डाव्या मुठीत अक्षता होत्या. ‘सावधान’ म्हणताच त्यांनी गजांतून हात काढून त्या टाकल्या. इथवर कुठल्या पोचणार? खाली बोळातच पडल्या. पुढचं मंगलाष्टक मी यांच्यावर टाकलं. यांनी कसंबसं लग्न उरकलं.

शी! काय बाई मी! सगळ्यांना चिवडा-लाडू वाटत होते आणि मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घेत होते.

सकाळ होताच गवंड्याला बोलावलं. म्हटलं, हे वृंदावन उचल आणि आमच्या अंगणात मधोमध बसव. तो पहार घालणार, तोच अक्का धावत आल्या. “नको, नको! काल लग्न लागलेल्या पोरीला आज घरातून काढतेस?”

“अक्का, खुर्ची जायला हवी.”

“मग दुसरं काहीतरी कर. तुळस नाही हलवायची.”

मीच घातलेला खोडा, त्यात माझाच पाय. मग मी गवंड्याला सांगितलं, तुळस राहू दे, तिला वळसा घालून वाट कर, आमच्या बागेतून. अबोलीचा वाफा गेला, मोगऱ्याचा मांडव गेला, उरलीसुरली जास्वंदही गेली. हातभर जागेपायी भांडले होते, आता खोलीभर जागा दिली. आणि गंमत बघा, गल्लीत माझं नाव झालं. “मनाने किती मोठ्या!” असं लोक मला तोंडावर सांगतात. आमचे हे ते ऐकतात आणि पेपर तोंडासमोर धरतात.

सगळ्यांत अवघड सकाळ. खुर्ची वाटेने येते, तुळशीपाशी थांबते. ते डावा हात उचलून तुळशीला नमस्कार करतात. मग मान वळवून मला शोधतात, आणि तोच हात माझ्यासाठी कपाळाला लावतात. डोळ्यांत पाणी असतं. मी लगेच कुकरची शिट्टी झाल्यासारखं करून आत पळायचे.

एके दिवशी मला सोसवेना. अक्का फुलं तोडत होत्या, त्यांना गाठलं. म्हटलं, “अक्का, एक सांगायचंय. मी तुळस भक्तीने नव्हती लावली. तुमची वाट अडवायला लावली होती.”

“गोत्तु,” त्या म्हणाल्या. ठाऊक आहे. फुलं तोडायचं थांबल्यासुद्धा नाहीत.

“आणि तरी तुम्ही रोज तिची पूजा केलीत?”

“राग तुझा आला होता. खूप आला होता, अजून आहे. तुळशीने काय केलं होतं?”

मी म्हटलं, “मग मला त्यांना सांगू द्या. ते रोज नमस्कार करतात, मला सहन होत नाही.”

आता त्या थांबल्या. म्हणाल्या, “त्यांना काही सांगायचं नाही. शेजारणीने तुळस भक्तीने लावली आणि मग आपल्यासाठी स्वतःची बाग मोडली, असं त्यांना वाटतं. आजारी पडल्यापासून त्यांना कुणाबद्दल इतकं बरं वाटलेलं मी बघितलं नाही. ते तू काढून घेऊ नकोस. आणि उद्यापासून आत पळू नकोस. तू दिसली नाहीस की ते दिवसभर दाराकडे बघत बसतात.”

तेव्हापासून मी पळत नाही. सकाळी पदर सारखा करून वाटेवर उभी राहते. खुर्ची तुळशीला वळसा घालून येते, तो डावा हात वर जातो, आणि मी तो नमस्कार घेते. अक्का मागून खुर्ची ढकलत असतात. त्या माझ्याकडे बघत नाहीत.