बाबांचा तळहात आणि निळ्या पाण्याची नळी

माझे बाबा कूलर बनवतात आणि फार चांगले बनवतात. हे मी त्यांची लेक म्हणून नाही, मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली बाई म्हणून सांगते. आमच्या दुकानात पत्रा बाबा कापतात, मोटर मी बसवते. कूलर लागला की हवा मात्र बाबाच तपासत. हवा येते त्या झरोक्यासमोर उजवा तळहात धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "बस, झालं." एवढ्यावर आमचं घर चाललं, माझं शिक्षणही झालं.

एका वर्षी एप्रिलमध्ये आम्ही वस्तीतल्या विहारामागच्या अभ्यासिकेत मोठा डक्ट कूलर लावला, म्हणजे भिंतीबाहेर बसून झरोक्यातून आत हवा सोडणारा. परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी-पोरं तिथे दिवसभर बसतात. लावला त्या दिवशी हवा अशी, की कागदांवर पाण्याच्या बाटल्या ठेवाव्या लागल्या. मे तापला आणि अभ्यासिकेच्या अध्यक्षांचा फोन आला. "भाऊ, तुमचा कूलर फुसका निघाला. उचलून न्या, आम्ही दुसरा पाहतो."

फुसका! माझं डोकंच सणकलं. ज्या वस्तीत घरोघरी त्यांचे कूलर, तिथूनच एक परत आला तर त्यांच्या तळहातावर उद्या कोण विश्वास ठेवणार?

आम्ही लगेच गेलो. बाबांनी झरोक्यासमोर हात धरला. "हवा नाही. पण पंखा चांगला हाये."

"हवा नाही म्हणता अन् पंखा चांगला म्हणून राहिले," अध्यक्ष म्हणाले. "कसं पटन गा भाऊ?"

मी बाहेर जाऊन कूलर पाहिला. तिन्ही बाजूंच्या जाळ्या फुगून बाहेर आल्या होत्या. पोरांना गारवा मिळावा म्हणून वस्तीतल्या बायांनी आपापल्या घरची नवी खस, म्हणजे कूलरच्या जाळीत भरायचं गवत, आणून आमच्या खशीवर ठासून भरली होती. खस जास्त तर थंडावा जास्त, हा नागपूरचा पक्का समज. त्यापुढे कुणाचं चालत नाही. त्या बायाही दारातच उभ्या होत्या. खस काढा म्हणणं म्हणजे त्यांची माया त्यांच्याच पदरात परत टाकणं. नुसत्या माझ्या बोलण्यावर ते कुणी करू दिलं नसतं.

म्हणून मी दुकानातून पारदर्शक नळी आणली, गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती. एका फळीवर ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून तारेने बांधली आणि कपड्यांची नीळ घातलेलं पाणी अर्ध्यापर्यंत भरलं. कॉलेजात आमचा दाब मोजायचा मॅनोमीटर पाऱ्याचा होता. पण हवेच्या एवढ्याशा दाबाने जड पारा काय हलणार? इथे हलकं पाणीच हवं.

"काहून वं, हे कायचं पाणी?" एका बाईने विचारलं.

"पाहत राहा मावशी."

नळीचं एक टोक वायरच्या भोकातून कूलरच्या पोटात सरकवलं, भोकाच्या कडेला चिंधी कोंबली. दुसरं टोक बाहेर मोकळं ठेवलं. पंखा बंद होता तेव्हा दोन्हीकडचं पाणी एका रेषेत होतं. पंखा सुरू केला आणि कूलरकडच्या नळीत पाणी वर चढलं, मोकळ्या बाजूला उतरलं. चांगला बोटभर फरक पडला.

"पंखा फुसका असता तर हे पाणी जागचं हललं नसतं," मी म्हटलं, आणि आवाज जरा चढवूनच म्हटलं. "तो आतली हवा जोरात ओढतोय, म्हणून आतला दाब उतरलाय. पण बाहेरून हवा यायला वाटच नाही. रसवंतीत स्ट्रॉ चिमटली की गाल आत जातात अन् रस येत नाही ना, तसं."

मग ती विचारणारी मावशीच पुढे झाली. "माह्या घरची खस हाये, मीच काढतो," म्हणाली आणि पहिल्या जाळीतून तिने मोठा पुंजका ओढून काढला. निळं पाणी सरकलं. दुसरी बाई पुढे झाली, मग तिसरी. दर पुंजक्यासरशी दोन्हीकडचं पाणी एकमेकांच्या जवळ यायला लागलं. शेवटी थोडाच फरक राहिला, तेवढा अडथळा ओल्या खशीचा असतोच. आतून पोरी ओरडल्या, "अवो, कागद उडून राहिले!"

"भाऊ," अध्यक्ष म्हणाले, "कूलर राहू द्या."

बाबांनी फक्त मान हलवली. मला मात्र इतका अभिमान वाटला, की घरापर्यंत मी फळी काखेत न धरता मिरवत नेली. माझा अभिमान होताच, पण त्यांचा जास्त. त्यांचा तळहात खरंच बोलला होता, मी फक्त साक्ष काढली.

पुढच्या उन्हाळ्यात कळमन्याला एका फळांच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात आम्ही कूलर लावला. मी नळ फिरवून टाकीत पाणी सोडत होते. बाबांनी सवयीने झरोक्यासमोर तळहात धरला, डोळे मिटले. "बस, झालं" येणार म्हणून मी हत्यारं गोळा करायला लागले.

ते आलं नाही. बाबांनी डोळे उघडले आणि हात खाली घेतला.

"तू पाह्य वं," ते म्हणाले. "तू म्हणशीन तवा झालं."

मी नळीची फळी काढली. बाबांनी त्याच हाताने नळीचं टोक कूलरच्या भोकात धरलं, आणि मी "झालं" म्हणेपर्यंत तो हात जराही हलू दिला नाही.