अनुमोदक कोण?

अण्णांनी कॅन उचलला आणि माझ्यासमोर जमिनीवर ओतला.

चाळीस लिटरचा कॅन, निम्म्याहून जास्त भरलेला. दूध केंद्राच्या पायरीवरून दूध खाली आलं, धुळीत पसरलं. रांगेतल्या बायका पाय उचलून मागं सरकल्या. साल दुष्काळाचं. भूम तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरींनी तळ दाखवलेला, कडबा संपलेला. अशा दिवसांत म्हशींनी दिलेलं दूध ते. एक कुत्रं आलं आणि चाटायला लागलं. त्याला कुणी हाड म्हटलं नाही.

अण्णा ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. रिकामा कॅन त्यांनी आडवा केला, हात झटकले आणि म्हणाले, "रघू आला न्हाय तर निरोप धाडायचा. तुझं काम आत हाय. आत जा."

मी आत गेलो.

हे लिहिताना लाज वाटते, पण गेलो. आत जाऊन उरलेल्या नमुन्यांची फॅट काढली. आकडे वहीत नेहमीसारखे सुबक लिहिले. एक आकडासुद्धा खाडाखोडीचा नाही. असा मी नोकर माणूस.

माझा गुन्हा एवढाच होता. माप घेणारा रघू तापानं पडला होता. तो माझ्याच वर्गातला, माझा दोस्त. बाहेर रांग वाढत होती आणि आठ वाजता दूध न्यायला टेम्पो येणार होता. उन्हाळ्यात दूध किती वेळ टिकणार? म्हणून मी आतल्या खोलीतून बाहेर आलो, लिटरचं माप हातात घेतलं आणि बायकांच्या चरव्यांमधलं दूध मोजून कॅनमध्ये ओतायला लागलो. पहिल्या तिघीचौघींनी काही न बोलता ओतू दिलं. मग रांगेतून एक जण निघून गेला. मला वाटलं, त्याला उशीर होत असेल. तो अण्णांच्या घरी गेला होता.

आमचं घर बौद्ध वस्तीतलं. त्याआधीच्या, बहात्तरच्या दुष्काळात मी शाळकरी पोरगा, मायच्या शेजारी बसून खडी फोडलेला. पुढं मॅट्रिक झालो. तोवर गावात दूध संस्था निघाली होती. चेअरमन अण्णा, गावचे मोठे शेतकरी. संस्था नोंदवायला सभासद कमी पडत होते, तर त्यांनी वस्तीतल्या अकरा जणांचे अंगठे घेतले होते. अकरांतल्या एकाच्याही दारात दुभतं जनावर नव्हतं. पण सभासद झाले सगळे. माझे वडील, आबा, त्यांतलेच. नंतर त्यांच्या जागी माझं नाव लागलं.

आणि एक दिवस अण्णांनी मला टेस्टर म्हणून घेतलं. गावासमोर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सहकारात जातपात न्हाय. ह्यो पोरगा आमच्या घरातलाच." त्या हातावर मी चार वर्षं जगलो.

टेस्टरचं काम आतल्या खोलीत. रघू प्रत्येकाच्या दुधाचा नमुना बाटलीत भरून खिडकीतून आत द्यायचा. मी काचेच्या नळीत ॲसिड घ्यायचो, वर दूध सोडायचो, बूच लावायचो. नळी तापून हाताला चटका बसायचा. मग हातानं फिरवायच्या मशीनमध्ये नळ्या लावून गरगर फिरवायचो आणि फॅट वाचायचो. ॲसिडनं माझ्या प्रत्येक सदऱ्याला भोकं पडली होती. ती भोकं मी वस्तीत मिरवायचो. रघू काय, नुसतं माप ओततो. मी शास्त्र करतो! तपासून झालेलं दूध ॲसिडसकट मागच्या चरीत ओतून द्यायचं, हेसुद्धा माझंच काम होतं.

चार वर्षं मी ते दूध चरीत ओतलं आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. ज्या दुधाला माझा हात लागायचा, ते कुणाच्या तोंडात जातच नव्हतं. त्यासाठीच मला ती खोली दिली होती. माझ्या अक्षरासाठी नाही, माझ्या हुशारीसाठी नाही.

हे मला त्या दिवशी दुपारी घरी कळलं. मी आबांना सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारा पेटून उठेल. ते तंबाखू मळायला लागले. मग खाली बघून म्हणाले, "अण्णांनी तवाच सांगितलं व्हतं. पोराला आत ठिवतो, दुधाला हात लावायचा न्हाय. म्या व्हय म्हनलो."

"मला का सांगितलं न्हाय तुमी?"

"सांगितलं असतं तर तू गेला असतास का?"

नसतो गेलो. म्हणूनच सांगितलं नव्हतं. बापानं माझी अब्रू माझ्या पाठीमागं देऊन टाकली आणि मला नोकरी आणून दिली. त्यांच्या जागी मी असतो तर काय केलं असतं, हा विचार मी पुढं पुष्कळ वेळा केला. पण त्या दुपारी मला त्यांचं तोंड बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी कामावर गेलो नाही. तिसऱ्याही नाही. आठवड्यानं रघू आला, तापातून उठलेला, गालफडं बसलेली. "चल की," म्हणाला, "अण्णांच्या मनात काय न्हाय आता."

मी विचारलं, "रघ्या, तुला म्हाईत व्हतं?"

तो चमकला. खरोखर चमकला. "समद्या गावाला म्हाईत हाय की. मला वाटलं तुलाबी हाय."

अण्णांचा राग आला होता, आबांचा आला होता. रघूच्या त्या बोलण्यानं मात्र मी मोडलो. चार वर्षं समद्या गावाला माहीत होतं. मी भोकाचा सदरा घालून ऐटीत चालायचो आणि गाव गप्प बसून बघायचं. मूर्ख एकटा मीच.

चार महिने मी घरी बसलो. बसलो म्हणजे अक्षरशः बसलो. विहाराच्या ओट्यावर सकाळी जायचं, ऊन पायावर आलं की सरकायचं, पुन्हा आलं की पुन्हा सरकायचं. पुण्याला जावं तर ओळख नाही. उमरग्याला हायवेवर ट्रकवर क्लीनर होतो म्हणालो, तर माय रडली. खरं तर मला कुठंच जायचं नव्हतं. परत जाणं शक्य नव्हतं आणि पुढं काही दिसत नव्हतं. अण्णांना शिव्या द्यायचो, मनातल्या मनात. रोज नव्या. त्यांना एकही ऐकू गेली नाही.

मग मायची कंबर धरली आणि तिच्या जागी मला रोजगार हमीच्या कामावर जावं लागलं. पावसाळा लागूनही पाऊस नव्हता आणि गावाबाहेर नालाबांधाचं काम चालू होतं. सोबत वस्तीतली सोजरमावशी, मायची लांबची बहीण, जन्मात शाळेची पाटी न धरलेली. हजेरी मांडणारा कारकून झाडाखाली बसला होता. आम्हा वस्तीतल्या माणसांना बघून म्हणाला, "आज जागा न्हाय. परत जा." आमच्या पुढं आलेल्यांची नावं त्यानं निमूट लिहिली होती. आमच्या मागून आलेल्यांचीही लिहायला लागला.

मी वळलो. सवयच होती. सोजरमावशी जागची हलली नाही. घमेलं खाली ठेवून म्हणाली, "सायब, काम न्हाय तर न्हाय. पर तसं कागदावर लिहून द्या. खाली सई करा. म्या भूमला कचेरीत दावते."

कारकुनानं तिच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं. आणि नावं लिहून घेतली. तिचं, माझं, सगळ्यांची.

दुपारी भाकरी खाताना मी तिला विचारलं, "मावशे, ह्ये तुला कुनी शिकवलं?"

"कुनी शिकवावं?" ती म्हणाली. "तोंडानं हाकलतो त्यो. लिही म्हनलं की हात कापतो त्याचा. मला लिव्हता येत न्हाय म्हनून म्या त्याला लिव्हायला लावते. तुला तर येतंय. तू कशापायी वट्यावर बसलाईस?"

माझा घास तोंडातच राहिला. चार वर्षं मी संस्थेची वही लिहिली होती. सभेचा ठराव कसा लिहितात, सूचक कोण, अनुमोदक कोण, सगळं मला पाठ होतं. सचिवाचं अक्षर वाईट म्हणून इतिवृत्ताच्या पक्क्या प्रती मीच काढायचो. आणि त्या वहीत, चार वर्षांच्या त्या सगळ्या पानांत, माझ्या हाताबद्दल एक ओळ नव्हती. हे मला त्या नाल्यात बसून पहिल्यांदा सुचलं.  संतापाच्या भरात त्या दुपारी मी दुपटीनं माती उपसली.

पंधरा दिवसांनी संस्थेची वार्षिक सभा होती, शाळेच्या पटांगणात. मी धुतलेला सदरा घातला, भोकाचाच. आबांनी विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "सभेला. सभासद हाय मी." त्यांनी माझा दंड धरला आणि मग सोडला.

सगळे विषय झाले. आयत्या वेळचे विषय आले तसा मी उभा राहिलो. अण्णा हसले. त्यांना वाटलं असावं, पोरगं माफी मागून कामावर यायचं म्हणतंय. "बोल की लेका," म्हणाले, "घरचंच पोरगं हाय."

मी कागद काढून वाचला. "ठराव. संस्थेतील बौद्ध नोकराने दुधास, मापास व कॅनला हात लावू नये. असा हात लागलेले दूध जमिनीवर ओतून द्यावे. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक कोण?"

पुढं बसलेले सगळे अण्णांकडं बघायला लागले.

मी पुन्हा विचारलं. "चार वर्षं आपण ह्येच करतोय. तवा अनुमोदन द्यायला काय हरकत हाय? हात वर करा. रघू? तू?" रघूनं मान खाली घातली. ज्या बायकांनी पाय मागं घेतले होते त्यांचे नवरे तिथं होते. एक हात वर आला नाही.

अण्णांचा चेहरा पहिल्यांदा मी उघडा बघितला. "असलं कुठं लिहीत असत्यात व्हय?" ते म्हणाले.

"मग करता कसं?"

"तुला पोटच्या पोरावानी मानलं. त्याचे ह्ये पांग फेडलेस?"

 मी नाकारत नाही, त्या माणसावर माझा जीव होता. पण मी सचिवाकडं वळलो आणि मजकूर सांगितला, जसा चार वर्षं त्याच्या वतीनं लिहीत आलो होतो तसा. "लिहा. अनुमोदक न मिळाल्यामुळे ठराव फेटाळला. म्हणजे असा नियम संस्थेत न्हाय. म्हणजे उद्या सकाळपासून रघूबरोबर मी मापावर बसणार."

सचिवानं अण्णांकडं बघितलं. पेन हलेना. मी तिथंच उभा राहिलो. शेवटी त्यानं लिहिलं. मी ते वाचून घेतलं, मगच खाली बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी केंद्रावर गेलो. दाराला कुलूप होतं. रांग तशीच उभी, चरव्या दुधानं भरलेल्या, ऊन वर चढायला लागलेलं. रघू पायरीवर बसला होता, माझ्याकडं बघत नव्हता. मागं आबा आले होते. माझ्यासाठी की मला न्यायला, ते मी विचारलं नाही.

अण्णा आले. रांगेकडं बघून मला म्हणाले, "एका तुझ्यापायी समद्यांचं दूध नासतंय. घरी जा."

मी म्हणालो, "जातो. कारण लिहून द्या, खाली सई करा. न्हायतर कुलूप काढा."

त्यांनी दोन्हींतलं एकही केलं नाही. रांगेतला एक जण माझ्यावर खेकसला. दुसरा अण्णांवर खेकसला, "मग उघडा की आता!" मी दाराच्या कडीला हात लावून उभा राहिलो. नासू दे म्हटलं. आज नासू दे, उद्या नासू दे, महिनाभर नासू दे. मी ओट्यावर जाणार नव्हतो आणि आतल्या खोलीतही नाही.