चंदनचा ड्रोन आणि पत्रिकेतली वेळ

बडनेऱ्याचा चंदन लग्नांचं शूटिंग करतो. मनासारखा शॉट मिळेपर्यंत नवरदेवाला घोड्यावर तीन-तीनदा चढवणारा-उतरवणारा माणूस. ड्रोन घेतल्यापासून तर तो जमिनीवरच्या लोकांशी नीट बोलेनासा झाला. पण जवळच्या बेलोरा विमानतळावर प्रवासी विमानं सुरू झाली, ड्रोनला परवानगी लागू लागली आणि चंदनही जमिनीवर आला.

मग अमरावतीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजने विमानतळासोबत प्रयोग सुरू केला. ड्रोनवर छोटं यंत्र बसवायचं, म्हणजे टॉवरला विमान आणि ड्रोन एकाच पडद्यावर दिसतात. उडवणारे हवे होते. चंदन सगळ्यांत आधी गेला. अट एकच : दिलेल्या जागी, दिलेल्या वेळेतच उडवायचं. एकदा चुकलं की प्रयोगातून बाहेर, म्हणजे ड्रोन कायमचा पेटीत.

पहिलंच लग्न मामाच्या मुलीचं, रागिणीचं. परवानगीसाठी चंदनने पत्रिकेतली मुहूर्ताची वेळ दिली. इतकी लग्नं पाहिलेल्या माणसाने पत्रिकेवर विश्वास ठेवावा! पण नत्थुमामांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "आपल्या घरचं लग्न टाइमावरच लागते."

मुहूर्ताला नवरीकडचे अक्षता घेऊन तयार. नवरदेवाची बार्शीटाकळीहून आलेली वरात मात्र चौकात डीजेपुढे नाचत होती. परवानगी मंडपापुरतीच. चंदनने वरून रिकाम्या खुर्च्या घेतल्या, वांग्याच्या भाजीची गंजं घेतली, घड्याळ पाहणारे मामा घेतले. शेवटी वरात वळणावर दिसली आणि तेवढ्यात कॉलेजच्या सीमा मॅडमचा फोन आला : "वेळ संपली. विमान येतंय, खाली घ्या."

चंदन ड्रोन उतरवू लागला.

"काहून बे? वरात येऊन राहिली अन् तू उतरवून राहिला?" मामा ओरडले.

"टाइम संपला, मामाजी."

"पाच मिन्टं उडव. कोन पाह्यते?"

"टॉवर पाह्यते."

"तुले टॉवर जवळचा का मामा?"

ड्रोन पेटीत गेला. थोड्या वेळाने डोक्यावरून विमान गेलं. घोड्यावरच्या नवरदेवाने त्यालाच हात केला. तो शॉट चंदनने जमिनीवरून घेतला.

चंदन प्रयोगात टिकला. आता वेळ मागण्याआधी तो वरपक्षाच्या डीजेवाल्याला फोन करतो.

मामा मात्र व्हिडिओ येईपर्यंत त्याच्याशी बोलले नाहीत. हल्ली घरी पाहुणा आला, त्यातून तो बार्शीटाकळीचा असला, की स्वतःच टीव्ही लावतात. वरून दिसणारा मंडप, अक्षता घेऊन ताटकळलेली माणसं आणि पडद्याच्या कोपऱ्यात मुहूर्ताची वेळ.

"पाहा जी," मामा म्हणतात, "आमी टाइमावर होतो."