कांदा न शिवलेला ओव्हन

माझ्या वहिनीला, राजमतीला, कोल्हापुरात आमच्या गल्लीत सगळे 'तंद्रीवाली' म्हणायचे, आणि ते काही खोटं नव्हतं. ही बाई दूध तापत ठेवून दुधाकडेच बघत उभी राहायची आणि तिच्या डोळ्यांदेखत दूध उतू जायचं. "अगं वहिनी, दूध!" म्हणून मी ओरडले की शांतपणे म्हणायची, "व्हय की वन्सं, मी बघतच हुते. किती झ्याक वर येत हुतं!" आता अशा माणसाला काय बोलणार? मी प्राथमिक शाळेत मास्तरीण, दिवसभर पन्नास पोरं हाकून घरी यायची, माझं डोकं फिरायचं. पण रागवायला जावं तर ती हसायची, आणि ती हसली की माझा राग कुठल्या कुठे जायचा.

ती नेसरीची. वडील बापूसो, ती त्यांना आप्पा म्हणायची, जैन शेतकरी, गावात मोठा मान. त्यांच्या घरात गाळल्याशिवाय पाणी कुणाच्या तोंडाला लागत नसे, कांदा-बटाटा उंबऱ्याच्या आत येत नसे, आणि दिवस मावळला की कुणी घोटभर पाणीसुद्धा घ्यायचं नाही. अशा घरातली ही पोरगी कॉलेजसाठी वारणानगरला मामाकडे राहिली, आणि तिथंच कॉलेजच्या हापिसात माझा भाऊ नृसिंह, आमचा दादा, कारकून. पुढचं काय सांगायचं? एकोणसत्तर साली दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. आमच्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला आणि सोडला. बापूसोंनी सोडला नाही. त्यांनी माणसाकरवी एवढाच निरोप धाडला, 'तुझ्या घरचं पाणीबी मला चालायचं न्हाई.' तो अबोला नऊ वर्षं चालला.

आमच्या घरी वहिनी सगळं शिकली. कांदा चिरला, लसणाची फोडणी दिली, अंधार पडल्यावर आमच्या पंगतीत जेवली. कधी तोंड वाकडं केलं नाही. मला वाटायचं, विसरली असेल. मी पण एक मूर्खच.

शहात्तर साली दादानं लक्ष्मीपुरीतून एक ओव्हन आणला. स्वस्तातलाच होता. ॲल्युमिनियमचा गोल डबा, वर झाकण, झाकणाच्या मधोमध वाटीएवढी काच. कमी-जास्त करायची सोय नव्हती, त्याला फक्त चालू आणि बंद एवढंच कळायचं. अंगाला हात लागला की बारीकसा करंट मारायचा, म्हणून वहिनी पाटावर उभी राहूनच त्याला हात लावायची. आईनं तो स्वयंपाकघरात घेतला नाही. "तुझं ते यंत्र माडीवर ने बाई," म्हणाली. वहिनीला तेच हवं होतं. पश्चिमेच्या खिडकीखाली तिनं एक जुनं मेज मांडलं, त्यावर ओव्हन, शेजारी वेगळी परात, वेगळा चमचा, फडक्यानं गाळलेल्या पाण्याचा वेगळा तांब्या.

त्यात ती रव्याचा केक करायची. बारीक रवा, घट्ट दही, गूळ किसून, लोणकढं तूप, चिमूटभर सोडा, वेलची. अंड्याचा प्रश्नच नव्हता. पीठ भांड्यात ओतलं, झाकण लावलं, की ही पाटावर मांडी घालून काचेकडे बघत बसायची. आत अंधार, तारेचा लाल उजेड, आणि त्या उजेडात हळूहळू वर येणारं पीठ. पाऊण तास हलायची नाही. गुळाचा आणि वेलचीचा वास जिन्यावरून खाली यायचा, गल्लीत जायचा, आणि शेजारची धोंडुबाई तिच्या दारातून ओरडायची, "तंद्री लागली वाटतं गं तुमच्याकडं!"

एकदा मी विचारलं, "काय दिसतं गं तुला त्यात?"

"आमच्या घरापुढचा सोपा दिसतोय, वन्सं," ती काचेवरची नजर न काढता म्हणाली. "आप्पा घोंगड्यावर बसल्यात. उन्हं तिरपी झाल्यात. मी ताट घेऊन येते, तर आप्पा म्हणत्यात, बस गं, तूबी खा. आणि उन्हं तशीच ऱ्हात्यात बघा, मावळतच न्हाईत."

मीही काचेत डोकावले, मला नुसतं पीठ दिसलं.

पण तिचं खरं पोटातलं मला पुढच्या महिन्यात कळलं. मी हौसेनं बटाट्याचं सारण करून वर नेलं, पावात भरून भाजू म्हटलं. ही दोन्ही हातांनी झाकण दाबून उभी! करंट बसत होता तरी सोडेना.

"नगा, वन्सं. ह्यात कांदा जायचा न्हाई."

"अगं, पण तू खातेस की कांदा!"

"मी खाते. ह्यो खात न्हाई." मग जरा वेळानं, खाली बघून म्हणाली, "आप्पा कवा आलंच, तर त्यांच्यापुढं काय ठेवू मी? सगळ्या घरात कांदा शिवला न्हाई असं एवढंच एक भांडं हाय माझ्याकडं."

सारणाचं पातेलं घेऊन मी जिना उतरले आणि शेवटच्या पायरीवर बसून रडले. माझ्या भावाच्या बायकोनं आमच्या घरात सात वर्षं काढली, आणि तिच्या मालकीची जागा म्हणजे एक गोल डबा. लाज वाटली मला.

अठ्ठ्याहत्तरच्या डिसेंबरात तिच्या भावाचं, बाळासोचं कार्ड आलं. 'आप्पांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. कोल्हापुरात डॉक्टरला दाखवायला येणार आहेत. गुरुवारी दुपारी तीनला तुझ्याकडे उभ्या उभ्या डोकावतो म्हणालेत. सहाच्या पुढच्या गाडीनं परत. खाण्यापिण्याचं बघू नको, ते घेणार नाहीत.'

वहिनीनं ते कार्ड किती वेळा वाचलं असेल! "घेणार न्हाईत म्हणत्यात, पण त्यांना ओव्हनचं कुठं ठावं हाय?" असं म्हणून ती कामाला लागली.

गुरुवारी मी अर्धी रजा टाकली. वहिनीनं अंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून दोन वाजता पीठ कालवलं, भांडं आत ठेवलं, झाकण लावलं आणि खिडकीत जाऊन उभी राहिली. तीन वाजले. साडेतीन. बापूसोंचा पत्ता नाही. चार. खिडकीतून तिची नजर हलेना. साडेचारला मी वर गेले तर मला वासच येईना. ओव्हनला हात लावला तर गार! बाईनं बटणच दाबलं नव्हतं!

"अगं खुळे!" मी किंचाळलेच. "अडीच तास काय केलंस?"

तिनं झाकण उचललं. आतलं पीठ बसून गेलं होतं, सोड्याचा दम संपला होता. मग आम्ही दोघींनी जी धावाधाव केली म्हणता! मी खालून दही आणायला निघाले तर म्हणाली, "खालचं नगं!" तिचं वेगळं विरजण होतं. गूळ किसताना तिचं बोट कापलं. पाचला नवं भांडं आत गेलं, आणि यावेळी बटण मी स्वतः दाबलं. पण हिवाळ्याची संध्याकाळ, सगळ्यांचे दिवे लागायची वेळ, व्होल्टेज खाली. तार लाल व्हायच्या ऐवजी नुसती तांबूस होऊन राहिली.

साडेपाचला बापूसो आले. काठी टेकत, फेटा बांधलेले, उंच. आईनं "या" म्हटलं, त्यांनी हात जोडले, पण खाली बसले नाहीत. वहिनी त्यांना जिन्यावरून माडीवर घेऊन आली. ते खुर्चीवर अवघडून बसले.

"उशीर झाला आप्पा," वहिनी म्हणाली.

"तीनलाच आलतो. गल्लीतनं दोनदा फिरून गेलो. पाय वळंना." मग मान वर करून त्यांनी हवेत वास घेतला. "काय करतीस?"

तिनं सगळं सांगितलं. ओव्हनचं, वेगळ्या भांड्यांचं, गाळलेल्या पाण्याचं, दोन वर्षांत त्यात काय काय गेलं नाही त्याचं. सांगताना ती लहान मुलीसारखी एका दमात बोलत होती. बापूसो ऐकत राहिले. शेवटी त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

"दिवस हाय तवर झालं, तर खाईन," म्हणाले.

अरे देवा! मी काचेत डोकावले. मधे अजून ओलं होतं. खिडकीतून ऊन समोरच्या भिंतीवर चढत होतं, भिंतीवरून कौलांवर, कौलांवरून कुठंच नाही. मी मनातल्या मनात त्या तारेला शिव्या देत होते. वहिनी पाटावर बसली होती, एक डोळा काचेवर, एक आभाळावर. सहा वाजून गेले तेव्हा कुठं कडा सुटल्या. तिनं भांडं उपडं केलं, तुकडा कापला, ताटलीत घालून बापूसोंपुढं धरला. माडी करड्या उजेडानं भरली होती. मी पटकन दिवा लावला.

"त्यो बंद कर, पोरी," बापूसो मला म्हणाले. "इजंच्या उजेडाचा दिवस नसतोय."

ते काठी घेऊन खिडकीपाशी गेले आणि त्यांनी तळहात बाहेर धरला. त्यांच्याकडची रीत अशी की तळहातावरच्या रेघा दिसतात तोवर दिवस. डोळे बारीक करून त्यांनी हाताकडे बघितलं, मग हसले. "मला तर दुपारीबी दिसत न्हाईत. राजू, तू बघ. तुला दिसत्यात काय?"

मी वहिनीच्या मागे होते. मी तिच्या दंडाला चिमटा काढला. दिसतात म्हण! एक शब्द, बाई! म्हातारा आंधळा, आभाळात उजेड म्हटला तर आहेच, कोण विचारतंय! नऊ वर्षं ज्याच्यासाठी झुरलीस तो घास ताटलीत आहे, गरम आहे.

ताटली माझ्या हातात देऊन वहिनीनं वडिलांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. किती वेळ ती त्या हाताकडे बघत होती, देव जाणे. मग तिचा आवाज आला, इतका बारीक की मला जेमतेम ऐकू आला.

"न्हाईत दिसत, आप्पा."

ताटली माझ्या हातून पडलीच असती. मला तिचा असा राग आला की काय सांगू. सहाच्या पुढची गाडी, म्हातारा उठणार, काठी टेकत जिना उतरणार, आणि संपलं.

बापूसो उठले नाहीत. परत खुर्चीवर बसले आणि पाय लांब केले.

"मग अंथरूण घाल की माझं," म्हणाले. "आणि ह्ये गल्लीतल्या पोरांस्नी दे. शिळं मी खात न्हाई. उद्या उजाडल्यावर नवं कर."

वहिनी रडायला लागली ती थांबेचना. मीही रडले. खाली जाऊन आईला सांगितलं तर ती म्हणाली, "व्याही मुक्कामाला राहिले आणि घरात धड घोंगडी नाही!" आणि शेजारी मागायला धावली.

सकाळी दादानं त्यांना मंदिरात नेऊन आणलं. मी शाळेला दांडी मारली, कबूल करते. माडीवर दोन पाट मांडले होते, एकावर वहिनी, दुसऱ्यावर बापूसो, आणि समोर ओव्हन. त्यांना काचेतलं दिसत नव्हतं, म्हणून ते विचारत होते आणि ती सांगत होती.

"आता काय हुतंय?"

"कडंनं वर यायलंय, आप्पा."

"आता?"

"मधे एक बुडबुडा आला. फुटला. आता रंग बदलायला लागलाय, गव्हाळ."

कुणालाच घाई नव्हती. ऊन जिन्यावरून वर येत होतं, वास खाली जात होता, आणि दोघंही त्या डब्याच्या उबेत अशी बसली होती की मला दारातून पाऊल आत टाकवेना.

बापूसोंनी पहिला तुकडा तोंडात घातला. सावकाश चावला. दुसरा घेतला. "गूळ आपल्याकडचा न्हाई ह्यो," म्हणाले, आणि तिसराही घेतला. मग त्यांना ठसका लागला. वहिनीनं धावत जाऊन कोपऱ्यातला तिचा वेगळा, गाळलेल्या पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यांनी चाचपून हातानं तो बाजूला सारला.

"ह्यो नगं. खालचं आण," म्हणाले. "तुम्ही सगळी पिता, त्यातलं. गाळून आण म्हंजे झालं."

मी जिना कसा उतरले मला माहीत नाही. आईला कसंबसं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, तशीच उठली, हात धुतले, आणि ट्रंकेतलं दादाच्या मुंजीतल्या अहेराचं म्हणून जपलेलं कोरं पांढरं धोतर काढून त्याचा कोपरा चौपदरी करून घागरीवर धरला. पाणी गळून तांब्यात पडत होतं. तो तांब्या मी वर नेला. बापूसोंनी तोंड वर करून, न थांबता, सगळा प्यायला.