धक्क्यावर मांडलेलं दुकान

"आधी तेंका विचारा, मगे माका." आधी इतरांना विचारा, मग मला, हे काकीचं ठरलेलं बोलणं. देवळाची वर्गणी मागायला आलेल्यांना हेच आणि 'वाटेत खोकी मांडू नका' म्हणून सांगायला आलेल्या शिपायालाही हेच. बोलताना उजव्या हाताचा पंजा असा समोर धरायची की माणूस आपोआप एक पाऊल मागे सरायचा. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल. नसेल तर तुमचं गाव जरा फिकंच म्हणायचं.

मालवणच्या धक्क्यावर नगरपालिकेचा जकात नाका होता आणि मी तिथला कारकून. मुंबईची आगबोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माल पडाव नावाच्या शिडाच्या होड्यांतून धक्क्याला लागायचा. बाजारात काकीचं वाणसामानाचं दुकान होतं. नवरा बोटीवर खलाशी, त्यामुळे दुकान सर्वस्वी तिचंच. सगळा बाजार तिला काकी म्हणायचा, मीही म्हणू लागलो.

मग मुंबईच्या एका बड्या व्यापाऱ्याने गावात भांडार काढलं. मोठा व्यापारी आला की गावाची भरभराट होते, असं म्हणून नगरपालिकेने ठराव केला आणि भांडाराच्या मालाला जकात माफ झाली. एकाच पडावातून दोघांची पोती उतरायची. भांडाराची हमालांच्या पाठीवरून थेट गावात जायची; काकीची मी अडवायचो. साहजिकच तोच साबण, तीच डाळ भांडारात स्वस्त. थोड्याच महिन्यांत काकीच्या शेजारच्या दुकानाच्या फळ्या लागल्या, त्या पुन्हा उघडल्या नाहीत.

एके सकाळी काकी आपल्या पोत्यांजवळ येऊन उभी राहिली.

"काकी, जकात," मी म्हणालो.

"आधी तेंका विचारा."

"त्यांना माफ आहे."

"माका कित्याक नाय?"

"ठराव आहे, काकी. माझ्या हातात काय?"

"मगे माल हयच ऱ्हवांदे," म्हणत ती एका पोत्यावर बसली. मला वाटलं, ऊन चढलं की उठेल. ऊन चढलं तेव्हा तिने दुकानातून तराजू मागवला.

आणि नाक्याच्या अलीकडे, पाण्याच्या बाजूला, तिने दुकान मांडलं! मासे घ्यायला आलेल्या बायका डाळ-गूळ घेऊन जाऊ लागल्या. घरापुरत्या सामानाला जकात नव्हतीच. पिशव्या माझ्यासमोरून हसत हसत गावात जायच्या.

नगरपालिकेचे अध्यक्ष स्वतः आले. "काकी, हे काय चालवलंय?"

"जकात गावात येतल्या मालाक. माझो माल गावात खंय इलो?"

अध्यक्षांनी मला तिला उठवायला सांगितलं. पण धक्का बंदर खात्याचा, तिथे नगरपालिकेचा हुकूम चालत नव्हता. बंदराच्या साहेबांनी येऊन पाहिलं, हमालांची वाट मोकळी होती. "माझी काही तक्रार नाही," म्हणाले आणि पावशेर शेंगदाणे घेऊन गेले.

दुसऱ्या आठवड्यात बाजारातले इतर दुकानदारही आपापली पोती धक्क्यावरच उघडू लागले. नाक्यावर माझ्याकडे माशा मारण्याशिवाय काम उरलं नाही.

मग अध्यक्ष पुन्हा आले, या वेळी एकटे. आवाज खाली आणून म्हणाले, "काकी, तुमच्यापुरती माफी करून देतो. बोलायचं नाही कुणाजवळ."

मी जवळच होतो. तिचे पाय उन्हाने भाजले होते, आवाज बसला होता. ती 'हो' म्हणाली असती तर कोण बोट दाखवणार होतं?

ती उठली आणि त्या बसक्या आवाजात जमेल तेवढ्या मोठ्याने ओरडली, "आयकलास रे? माका एकटीक माफी देतत! तुमका नको मां?"

सगळा धक्का हसला. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. पुढच्या सभेत ठराव मागे घेतला गेला. त्यानंतर भांडाराचा माल पहिल्यांदा नाक्यावर थांबला, तेव्हा काकी मुद्दाम आली होती. मी पावती फाडेपर्यंत उभी राहिली आणि निघून गेली.

भांडार काही गेलं नाही. शेजारचं बंद दुकानही उघडलं नाही. पण बाकीचा बाजार टिकला.

काही वर्षांनी तिचा नवरा मुंबईत आजारी पडला आणि तिला जावं लागलं. भांडारवाल्यांनी तिची जागा विकत मागितली. तिने ती बाजारात बांगड्यांची पाटी घेऊन फिरणाऱ्या कासारणीला भाड्याने दिली.

निघायच्या दिवशी बाजारातले सगळे धक्क्यावर आले होते. पडाव सुटला. पडाव हाकणारा तांडेल तिच्यावर खेकसत होता, "खाली बस गो, पडाव कलांडतलो!" लाटांवर पडाव डोलत होता आणि काकी एका हाताने डोलकाठी धरून, गावाकडे तोंड करून, ताठ उभी होती. आगबोटीपर्यंत ती काही खाली बसली नाही.