होडीचा वाटा

अर्थशास्त्र म्हणजे बजेट आणि कांद्याचे भाव, अशी माझी वर्षानुवर्षांची समजूत. त्यामुळे रत्नागिरीच्या खाडीपलीकडच्या आमच्या शाळेत एक अर्थशास्त्रज्ञ आले, तेव्हा मी आधी शालेय पोषण आहाराचा तांदूळ नीट झाकला. पण ते मुलांच्या डोक्यात काय शिरतं ते मोजायला आले होते. धोरण बदललं की मुलांचा निकाल सुधारतो का, यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. माणूस सज्जन. खुर्ची नाकारून मुलांच्या बाकावर बसले आणि गुडघा आपटून घेतला.

मला काळजी होती निकालाची. या चाचणीत जी शाळा कच्ची निघेल तिचे सहावी-सातवीचे वर्ग शहरातल्या मोठ्या शाळेला 'जोडायचे', अशी वरून सूचना होती. शब्द फार गोड. मधे खाडी आहे आणि पावसाळ्यात होडी बंद असते. मुलगे शहरात मामाकडे, आत्याकडे राहून शिकतात. मुली घरी राहतात.

सरांना प्रश्न 'स्थानिक' करण्याची हौस होती. आधीच्या प्रश्नात सफरचंदं होती म्हणे. ती काढून त्यांनी आमच्यासाठी खास बांगडे घातले. पाच जण होडी घेऊन मासेमारीला गेले, साठ बांगडे मिळाले, ते त्यांनी वाटून घेतले, तर प्रत्येकाला किती?

"बाई, आता मुलांना हा प्रश्न आपला वाटेल," ते म्हणाले.

वाटला. तिथेच तर घोड्यानं पेंड खाल्ली.

साधे भागाकार मुलांनी धडाधड सोडवले. बांगड्यांच्या प्रश्नावर मात्र सगळा वर्ग आडवा. बहुतेकांचं उत्तर सहा. सहावीतल्या एका मुलीचं पाच. ही पोर माझ्याशी रोज वाद घालायची. सर हळूच म्हणाले, "उपयोजन कच्चं आहे. आणि बहुतेकांची चूक एकच, म्हणजे... कॉपी वगैरे?"

माझं डोकं फिरलं. मी त्या पोरीला फळ्यापाशी उभी केली.

"साठातला अर्धा वाटा होडीचा नि जाळ्याचा," ती म्हणाली. "तो आधी काढायचा. ऱ्हायले तीस."

"तीस भागिले पाच, सहा. तुझे पाच कसे?" सरांनी विचारलं.

"तांडेलाला दोन वाटे नकोत? मग वाटे झाले सहा." होडीच्या म्होरक्याला सरांनी खलाशांत धरलं, याचं तिला मनापासून वाईट वाटलं होतं.

सर हरखले. "अप्रतिम!" म्हणत त्यांनी फळ्याचे फोटो काढले. शाळा वाचली असं समजून मी वेडीनं चहा सांगितला. चहा पिता पिता विचारलं, "मग गुण वाढतील ना?"

"आकडे आता गोठवलेत, बाई. एकदा गोठवले की हात लावता येत नाही."

आमच्याकडे ताजी मासळी बर्फात घालतात. नासकी कोणी घालत नाही. पण हे मला सुचलं ते सर खाडी ओलांडून गेल्यावर. वरातीमागून घोडे.

पुढे त्यांनी मला एक निबंध पाठवला. त्यात आमचा फळा होता, तांडेल होता, मुलांच्या स्थानिक ज्ञानाचं कौतुक होतं. परदेशातल्या परिषदेत तो फार गाजला म्हणे. तळटीपेत 'किनाऱ्यावरील एका शाळेचे' आभार मानले होते. चाचणीचा अहवाल वेगळा. म्हणजे एका कागदावर आम्ही हुशार आणि दुसऱ्यावर कच्चे. सरकारने दुसरा वाचला. जूनमध्ये वर्ग जोडले.

ती पोर आता आईबरोबर सुकी मासळी निवडायला बसते. सातवीला गेली असती. मी निबंध घेऊन तिच्याकडे गेले. वाटलं, तेवढंच तिला बरं वाटेल. तिने खारट हात परकराला पुसले आणि फळ्याचा फोटो बराच वेळ बघितला.

"म्हंजे आमचा उत्तर बराबर व्हता, असा लिवलानी?"

"हो गं."

"आनि त्यांचा नाव झाला?"

"झालं."

ती पुन्हा मासळी निवडायला लागली. "मग होडीचा वाटा त्यांनी नेलानी, बाई. आमचा खलाशांचा कुठाय?"

भागाकार तिला मीच शिकवला होता.