सत्तावीस नंबरची हजेरी
वाचकहो, कृपया उभे राहा, विषय गंभीर आहे: रोज सकाळी सातच्या ठोक्याला बुलढाण्यात आमच्या घरी बाबांच्या कॉलेजची हजेरी होते. पंच्याहत्तरी ओलांडलेले अकरा वर्गमित्र मोबाइलवरच्या ग्रुपवर आपापला जुना रोल नंबर टाकून ‘हजर’ लिहितात. तीन दिवस गैरहजर राहणाऱ्याचं नाव कापतात. तो टिंग आवाज झाला की मला दोन वर्षांपूर्वीचं जानेफळ आठवतं. तिथला सत्तावीस नंबर कितीतरी दिवस बाबांचा फोन उचलत नव्हता, पण ‘हजर’ मात्र चुकवत नव्हता. शेवटी बाबा चिडले, त्याच्या आवडीचे पेरू घेतले आणि मला गाडी काढायला लावली. अंगणात तूर वाळत होती, घरातून उदबत्तीचा वास येत होता. बाबा फाटकातूनच गरजले, “काऊन बे, फोन उचलाले हात दुखते काय?” आत गेलो, तर भिंतीवर सत्तावीस नंबर हार घालून हसत होता. बाबांच्या हातून पिशवी सुटली, पेरू गडगडत खाटेखाली गेले. काकू मोबाइल पदराखाली लपवत म्हणाल्या, “चार महिने झाले, भाऊजी. हजेरी मीच लावून राह्यली. नाहीतर तुम्ही त्यायचं नाव कापलं असतं ना?” सत्तावीस नंबर आजही सातला हजर असतो, कारण त्या दिवशी बाबा फोटोकडे पाहत एकदम बोलून गेले, “कॉलेजात याची प्रॉक्सी मीच लावत होतो, वैनी. आता तुम्ही सोडू नका!”